मौनाचे तापमान

तापे या आंबवलेल्या गोड पदार्थावरच्या होलिफाच्या प्रबंधाचा आराखडा तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा तिच्या हाती मोजून चोवीस दिवस उरले होते. जेंबरच्या महाविद्यालयाचा नियम निःसंदिग्ध होता. पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत ज्या विद्यार्थ्याचा आराखडा परीक्षकांसमोर मंजूर होणार नाही, त्याचे नाव पटावरून कमी करण्यात येईल. होलिफाचे हे सातवे वर्ष होते. मधली दोन वर्षे तिने सुराबायाच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात उभ्याने काढली होती, आणि तेथून परत येताना मनाशी एक गोष्ट पक्की केली होती, ती ही, की पदवी घेतल्यावाचून आता माघार नाही.

तिच्या मार्गदर्शक इबू, म्हणजे बाई, रेत्नानिंग यांनी आराखडा टेबलावर सरकवला आणि चहाच्या पेल्यावरचे झाकण उचलले.

"शीर्षक वाच."

"'पारंपरिक श्रद्धांचा तापेच्या गुणवत्तेवर होणारा प्रभाव.'"

"हे कुठून उचललंस? खरं सांग."

होलिफाने मान खाली घातली. "ग्रंथालयातून, इबू. तिथे 'पारंपरिक श्रद्धांचा मासेमारीवर होणारा प्रभाव' असा एक प्रबंध होता. मी मासेमारी काढली आणि तापे घातली."

"बरं झालं मासे तरी काढलेस. सगळा वर्ग एकाच साच्यातून विटा पाडतोय." इबूंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आणि ही प्रश्नावली? तीस बायका, पंधरा प्रश्न, आणि प्रत्येकीने प्रत्येक ठिकाणी 'पूर्णपणे सहमत'वर खूण केलीय. काय गं, जेवायला कधी बसायचं यावर तरी तुमच्या गावात तीस बायकांचं एकमत होतं का?"

"नाही, इबू."

"मग इथे कसं झालं?"

"मी प्रत्येकीला एकेक साबण दिला होता. तशी रीतच आहे ना आपल्याकडे. मग माझी मावसबहीण मोठ्याने प्रश्न वाचत गेली आणि म्हणाली, 'पोरगी जेंबरहून एवढा बसचा प्रवास करून आलीय, तिला बरं वाटेल तेच लिहा.'"

इबू रेत्नानिंग मनमुराद हसल्या. दाराबाहेर सहीसाठी ताटकळलेले विद्यार्थी आशेने आत डोकावले; त्यांना वाटले, आज बाईंची स्वारी प्रसन्न आहे. परंतु क्षणार्धात ते हसू मावळले.

"हे बघ, होलिफा. श्रद्धा म्हणजे किती? तासांत सांग, किलोत सांग, नगांत सांग. गुणवत्ता म्हणजे तरी काय? गोडी, मऊपणा, का वास? तू स्वतःच्या हाताने काय बदलणार, त्यामुळे काय बदललेलं मोजणार, आणि बाकीचं काय जागच्या जागी धरून ठेवणार, एवढं मला तीन ओळींत आणून दे. आश्रयी चल, स्वाश्रयी चल ही नावं नंतर घालू. आधी वस्तू दाखव. आणि कुणाला काही विचारू नकोस. साबण देऊ नकोस. बघ नुसती."

होलिफा त्याच दुपारच्या बसने बोंदोवोसोला, आपल्या गावी, गेली.

तिची मावशी मिस्नाती हिचा तापे करण्याचा व्यवसाय गावात सर्वांना ठाऊक होता. घरामागच्या पत्र्याच्या छपरीत आठ-नऊ बायका पहाटेपासून शाबूकंद सोलत, धूत, मोठ्या पातेल्यांत वाफवत, बांबूच्या सुपांवर पसरत, त्यावर विरजणाची पूड भुरभुरत आणि केळीच्या पानांच्या अस्तराच्या लहान टोपल्यांत भरून दोरीने बांधत. तिसऱ्या दिवशी टोपली उघडली की आत मऊ, पिवळी, मधासारखी गोड तापे तयार असे. आणि या साऱ्या व्यवहारावर एक नियम अधिराज्य करीत होता. पातेल्याचे झाकण निघाले की शेवटच्या टोपलीची गाठ बसेपर्यंत कोणीही ब्र काढायचा नाही. बोलले की तापे रुसते, आंबट होते, किंवा दगडासारखी कडक राहते. होलिफा चार वर्षांची असल्यापासून हा नियम पाळत आली होती, आणि म्हणूनच तिने त्याकडे कधी डोळे उघडून पाहिले नव्हते.

"आली बघा साबणवाली!" मावसबहीण सुनार्वी सुरी खाली न ठेवताच ओरडली. "यावेळी काय आणलंस गं? टॉवेल?"

"काही नाही. आणि काही विचारणारही नाही. मी नुसती बसून बघणार."

"ऐका! नुसतं बसायला हिला सात वर्षं शिकावं लागलं. मला तर लग्न झाल्या दिवसापासून येतं ते."

मावशीने हाताने दोघींना गप्प केले. तिने पातेल्याच्या झाकणाला हात घातला होता. क्षणात छपरी अशी शांत झाली की सोललेल्या सालींवर बसणाऱ्या माश्यांची गुणगुण ऐकू यावी.

होलिफाने नऊ दिवस एका कोपऱ्यात बैठक मारली. रोज किती टोपल्या बांधल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांतल्या किती बिघडल्या, हे ती टिपून ठेवू लागली. तोंडी विचारले असते, तर बायकांनी "आमची तापे कधी बिघडतच नाही" असे ताठ मानेने सांगितले असते. परंतु बिघडलेली तापे शेजारच्या बदकांपुढे जात असे, आणि बदकांची पाटी किती भरली, हे कुणाच्याही अभिमानाला न दुखवता मोजता येत होते.

नऊ दिवसांत पहिल्या सात दिवसांच्या टोपल्या उघडून झाल्या; त्यांपैकी सहा दिवस मौन अभंग राहिले होते. त्या प्रत्येक दिवसाच्या साठ टोपल्यांपैकी दोन किंवा तीन बिघडल्या. पाचव्या दिवशी मात्र सुनार्वीच्या नणंदेला मागणी आल्याची बातमी ऐन मोक्याला येऊन धडकली. आधी कुजबुज, मग प्रश्न, मग "मुलगा कोणत्या गावचा?" आणि मग उघड गलका. मावशीने डोळे वटारले, पण बातमीच्या पुढे वटारलेल्या डोळ्यांचे काय चालते! त्या दिवशीच्या साठांपैकी सतरा टोपल्या बदकांकडे गेल्या.

होलिफाला वाटले, सापडले! तिने कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिले: 'मौनाचा तापेच्या गोडीवर होणारा परिणाम.' मौन हे कारण, बिघडलेल्या टोपल्या हा परिणाम, दोन्ही मोजता येण्याजोगे. ती तडक जेंबरला गेली. चौदा दिवस उरले होते.

इबू रेत्नानिंग यांनी आकडे दोनदा वाचले. होलिफाला त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच कुतूहल दिसले.

"हे आधीपेक्षा शंभर पटीने बरं आहे. आता मला एकच सांग. तापेला कान असतात का?"

"नाही, इबू."

"मग तुम्ही बोलताय हे तिला कळलं कसं?"

होलिफा कागदावरचे आकडे पुन्हा वरखाली पाहू लागली.

"एका टोकाला तुमचं बोलणं, दुसऱ्या टोकाला आंबट टोपली. मधला पूल कुठाय? परीक्षक कुंचोरो सर तुला तिथेच पकडणार. त्यांनी तर 'अंधश्रद्धा' म्हणून कागद बाजूला ठेवला की झालं तुझं. शिवाय गलका एकच दिवस झाला. त्या दिवशी पाऊस होता का? शाबूकंद दुसऱ्या शेतातला होता का? कोण जाणे. परत जा. यावेळी तोंडं बघू नकोस, हात बघ."

बसमध्ये होलिफा खिडकीला डोके टेकून बसली. तिला रडू यायला हवे होते. पण त्याऐवजी तिला राग आला, आणि तो राग स्वतःचाच होता. बावीस वर्षे ज्या सुपांशेजारी आपण बसलो, त्या सुपांवर काय चालते हे आपल्याला ठाऊक नसावे! काहीही होवो, हात पाहिल्यावाचून उठायचे नाही, असे तिने ठरवले.

आणि तिने हात पाहिले. शाबूकंद सुपांवर पसरला की मावशी लगेच विरजणाला शिवत नसे. ती वेताच्या मोढ्यावर बसे, कमरेची जपमाळ काढी आणि ओठांची हालचाल न करता अगदी सावकाश एकेक मणी ओढू लागे. शंभर मणी सरले की ती मनगटाची आतली बाजू शाबूकंदाला लावी आणि मान डोलावी. त्यानंतरच बाकीच्या बायका विरजणाच्या वाट्या उचलत. ती मान डोलेपर्यंत कोणाचा हात हलत नसे. होलिफाने हे हजार वेळा पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी त्यात तिला फक्त भक्ती दिसली होती.

मग बातमीच्या दिवशी काय झाले असेल? तिने सुनार्वीला गाठले.

"त्या दिवशी विरजण कोणी आधी टाकलं गं?"

"मला काय आठवतंय! बोलता बोलता टाकलं. तुझ्या मावशीची माळ तर कधीच चुकली होती, तिलाही नवरामुलगा कोण ते ऐकायचं होतं! म्हटलं, उरकू पटकन आणि नीट बसून बोलू."

होलिफा एकेक दुवा जोडू लागली. माळ चुकली, म्हणजे वाट पाहणे चुकले. वाट पाहणे चुकले, म्हणजे शाबूकंद गरम असतानाच विरजण पडले. आणि उष्णतेने विरजणातले जीव मरतात, हे तर तिला दुसऱ्या वर्षीच शिकवले गेले होते. पण वाटणे निराळे आणि मोजणे निराळे. तापमापक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, आणि ती येथे! क्षणभर विचार करून ती गावच्या सुईणीकडे धावली आणि ताप पाहण्याची, सेलवर चालणारी नळी मागून घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी, माळ सुरू होताच, तिने ती नळी सुपावरच्या शाबूकंदात खुपसली. नळीने शीळ घातली आणि आकड्याऐवजी नुसते एक अक्षर दाखवले, म्हणजे तिच्या मोजमापाच्या पलीकडची उष्णता. मौन चालू असल्याने बायकांनी तोंडावर पदर घेऊन हसू दाबले. शंभरावा मणी सरला, मावशीने मान डोलावली, आणि होलिफाने पुन्हा नळी खुपसली. चौतीस. दुसऱ्या सुपात तेहतीस. तिसऱ्यात चौतीस.

शेवटची गाठ बसली आणि मौन सुटले, तशी सुनार्वी फुटली: "अगं बाई, शाबूकंदाला ताप आलाय! सुईणीला बोलवा, पथ्याचं काहीतरी द्या त्याला!"

सगळी छपरी हसली. मावशी मात्र हसली नाही. तिने होलिफाला अंगणात बोलावले.

"म्हणजे तू असं लिहिणार का, की आमचं गप्प राहणं खोटं? नुसतं थंड होऊ द्यायचं असतं, एवढंच?"

"मावशी, मी तसं नाही म्हणत..."

"माझ्या आईनं शिकवलं मला हे. तिच्या आईनं तिला. आणि तू सुईणीची नळी आणून आम्हाला सांगणार?"

"मावशी, ऐक ना. तुझ्या माळेत काहीतरी धरून ठेवलेलं आहे. ते काय आहे, एवढंच मला बघायचंय. त्यासाठी मला थोड्या टोपल्या मुद्दाम गरम असताना भराव्या लागतील, थोड्या थंड झाल्यावर."

"मुद्दाम बिघडवायच्या? अन्न? माझ्या छपरीत? ते व्हायचं नाही."

"इथे नाही. महाविद्यालयात करीन. थोड्याशा. आणि..." होलिफाला शब्द सुचत सुचत गेले. "आणि प्रत्येक टोपली भरताना मी गप्प राहीन. सगळ्यांना मौन सारखंच. फरक फक्त गरम-थंडचा. म्हणजे मौनाला कोणी दोष द्यायला नको."

मावशीने बराच वेळ मनगट चोळले. मग ती म्हणाली,

"हे बरोबर नाही."

"का?"

"सगळ्याच वेळी गप्प राहिलीस, तर मौनानं काही होतं का नाही, हे तुला कळणार कसं? काही टोपल्या नीट थंड झाल्यावर भर, पण बडबड करत भर. माझी खात्री आहे, त्या आंबणार. मला घाबरायचं कारण नाही. तू भर." थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "आणि नाही आंबल्या, तर तेही मला येऊन सांग. मागून दुसऱ्याकडून ऐकायचं नाही मला."

चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईने, नकळत, होलिफाच्या आराखड्याची जी फट होती तीच बुजवली होती. होलिफाने तेथेच, तुळशीसारख्या वासाच्या कमांगीच्या रोपांशेजारी बसून लिहून काढले. बदलायच्या दोन गोष्टी: विरजण टाकतेवेळी शाबूकंदाचे तापमान, आणि टाकणाऱ्याचे बोलणे किंवा मौन. मोजायच्या दोन गोष्टी: तिसऱ्या दिवशीची गोडी आणि मऊपणा. जागच्या जागी धरायचे ते सारे: एकाच शेतातला शाबूकंद, एकाच पुडीतले विरजण, त्याचे वजन, पाने, टोपली, ठेवण्याची खोली.

इबू रेत्नानिंग यांनी तो कागद वाचला, सही केली आणि म्हणाल्या, "आता कुंचोरो सरांपुढे उभी राहा. मी तिथे तुझी बाजू घेणार नाही, हे आत्ताच सांगते."

परीक्षेचा दिवस चौदा तारखेला आला. पांढरा शर्ट, काळा पायघोळ घागरा, डोक्याला काळा रुमाल, असा रिवाजाचा वेश करून होलिफा उभी राहिली. परीक्षकांपुढे तिने रिवाजाप्रमाणेच खाऊचे डबे ठेवले होते: चिकट भाताची एक वळकटी, एक गोड वडी, पाण्याचा पेला. कुंचोरो सरांनी डब्याकडे पाहिलेही नाही. आराखड्याची पाने त्यांनी जलद चाळली, आणि एका ठिकाणी त्यांचे बोट थांबले.

"तापमान, ठीक. गोडी, ठीक, ती मोजायचं यंत्र आहे आपल्याकडे. पण हे 'बोलणे अथवा मौन'? हे काय आहे? आपण अन्नशास्त्राचे लोक, का मांत्रिक?"

"सर, ते दुसरं स्वाश्रयी चल आहे, मी स्वतः बदलणार ती दुसरी गोष्ट."

"ते मला वाचता येतं. ते काढून टाका. उत्तर आपल्याला ठाऊकच आहे, बोलण्याने काही होत नाही. निम्म्या टोपल्या वाचतील, काम निम्मं होईल. आत्ता काढलंत, तर मी आत्ता सही करतो."

मागे बसलेले विद्यार्थी होलिफाकडे टक लावून पाहत होते. होलिफाने इबूंकडे पाहिले. इबू आपल्या कागदांकडे पाहत होत्या. एक ओळ खोडायची, आणि सात वर्षे सुटतील. तिच्या हातात लेखणी होतीच.

"सर, मी ते काढणार नाही," ती म्हणाली. "उत्तर ठाऊक आहे म्हणून काढलं, तर मी पाहण्याआधीच लिहिल्यासारखं होईल. आमच्या गावच्या बायका म्हणतात, बोलल्यानेच बिघडते. आपण म्हणता, बोलल्याने काहीच होत नाही. दोघांपैकी कोणीही अजून थंड शाबूकंदावर बोलत विरजण टाकून पाहिलेलं नाही. थुंकी उडते, सर, बोलताना. त्यातून दुसरे जंतू जात असतील. कदाचित नसतीलही. मला माहीत नाही. म्हणूनच ती टोपली हवी."

"आणि काहीच फरक आढळला नाही तर? श्रम वाया?"

"नाही, सर. तर मग मावशीला जाऊन सांगायचंय, की तुझं मौन नाही, तुझी माळ खरी. ते सांगायला माझ्याकडे आकडा हवा. नुसतं माझं म्हणणं नको."

"मावशी कोण?"

"तापे करते, सर. ही टोपली तिनेच सुचवली."

कुंचोरो सरांनी प्रथमच मान वर करून तिच्याकडे नीट पाहिले. "म्हणजे आराखड्यातली सर्वांत चांगली कल्पना तुमची नाही म्हणायची."

"नाही, सर. पण ती काढायची नाही, हा निर्णय माझा आहे."

मागे कोणीतरी खुदकन हसले आणि लगेच खोकला काढला. सरांनी लेखणीचे टोपण उघडले. ते काहीतरी लिहीत राहिले. अखेर त्यांनी ते पान तिच्याकडे फिरवले. खाली सही होती. वर, उद्दिष्टांच्या पहिल्या ओळीत, त्यांनी 'सिद्ध करणे' या शब्दांवर लाल रेघ ओढली होती.

"दुरुस्तीसह मंजूर. तुम्ही आत्ताच म्हणालात, तुम्हाला उत्तर माहीत नाही. मग इथे 'सिद्ध करणे' का लिहिलंय? योग्य शब्द घाला. चारही ठिकाणी."

होलिफाने लेखणी उचलली. खुर्चीत बसण्याचेही भान तिला राहिले नाही; टेबलावर वाकून, उभ्या उभ्याच, तिने पहिल्या ओळीवर लिहिले, 'शोधून पाहणे.' मग दुसऱ्या ओळीवर. मग तिसऱ्या.